कमरेची किल्ली ते गाडीची चावी

आम्ही केडगावहून बोलतोय. केडगाव म्हटलं की पुष्कळ जणी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं नाव घेतात, पण ते केडगाव पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात. आमचं केडगाव नगर शहराला लागून, पुणे रस्त्यावरचं, रेणुकामातेचं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. बोलता बोलता आमच्या तोंडून ‘नगर’ निघून जाईल, तेवढं चालवून घ्या.

पावसाळा सरला की गटाच्या बैठकीत एक तक्रार ठरलेली असते. कोणाच्या दाराचं कुलूप उघडत नाही, कोणाच्या स्कूटीची डिकी अडते. आणि दारात चारचाकी उभी राहायला लागल्यापासून ‘गाडीच्या दाराची चावीच फिरत नाही’ हे नवं दुखणं त्यात आलं. आज त्याच अडलेल्या कुलपाविषयी बोलायचंय. पण नुसतं ‘हे फवारा, ते चोळा’ सांगितलं तर आठवड्यात विसरून जातं. कुलूप असं का घडलं, ते आतून कसं असतं, हे कळलं की निगा कशी राखायची ते वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून आधी थोडं जुनं बोलू.

‘कुलूप’ हा शब्द आपल्याकडे अरबी ‘कुफ्ल’ वरून आला आणि ‘चावी’ पोर्तुगीजांकडून. म्हणजे आपल्या एका जुडग्यात अरबस्तान आणि पोर्तुगाल दोन्ही लटकलेले असतात. त्यांच्या शेजारी कडी, कोयंडा, खिट्टी, अडसर हे आपले घरचे शब्द. जुन्या वाड्यांची दारं तुम्ही पाहिली असतील. दाराच्या मागे भिंतीत एक लांब खोबण, तिच्यात सागवानी किंवा बाभळीचा जाड दांडा. रात्री तो ओढून दुसऱ्या भिंतीत बसवला की दार पक्कं. हा अडसर.

या अडसराची एक गोष्ट आमच्या फार उशिरा ध्यानात आली. अडसर फक्त आतून लागतो. तो लावायचा तर घरात माणूस पाहिजे. आणि ते माणूस म्हणजे बहुधा घरातली बाई किंवा म्हातारी. सगळं घर जत्रेला गेलं तरी एकीला मागे राहावं लागायचं, ‘घर उघडं कसं टाकायचं’ म्हणून. कुलूप बाहेरून लागतं. कुलूप लावून बाई बाहेर पडू शकते, बैठकीला, बाजाराला, माहेरी. चोराला अडवणं हे कुलपाचं काम सगळे सांगतात, पण बाईला मोकळं करणं हेही त्याने केलं, ते कोणी सांगत नाही.

आता किल्ली. आपल्या आज्या, पणज्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचायच्या. कोठीची, कपाटाची, पितळी डब्यांच्या फळीची, दागिन्यांच्या पेटीची. सासूने सुनेच्या हाती जुडगा दिला म्हणजे घराचा कारभार दिला, अशी रीत. ऐकायला मोठा मान. पण कुलपाच्या आतला माल कोणाचा? घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर, दागिने अडीअडचणीला सावकाराकडे जायचे तेव्हा विचारायचं कोणी नाही. हिंदू बाईला मिळालेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण आहे, हे कायद्याने सांगायला १९५६ साल उजाडलं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये लागू झाला. तोवर बाई किल्लीची राखणदार होती, मालकीण नव्हती.

याला एक मोठा अपवाद आपल्याच जिल्ह्यात जन्मला. चौंडीच्या अहिल्याबाई, जन्म १७२५. होळकरांच्या घरात ‘खासगी’ म्हणून एक वेगळा खजिना होता. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांनी १७३४ मध्ये खासगी जहागीर दिली. दौलतीचा पैसा निराळा, खासगीचा निराळा, आणि खासगीवर हुकूम घरच्या बाईचा. गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. काशी, गया, सोमनाथ, जागोजागचे घाट, विहिरी, धर्मशाळा यांचं जे पुण्य आपण ऐकतो, त्यातला मोठा खर्च या खासगीतून झाला. किल्लीही त्यांची आणि आतलं धनही त्यांचं. त्या काळात हे किती बायांना मिळालं असेल?

आपल्या जिल्ह्यात कुलपाची दुसरी एक गोष्टही आहे, कुलूप नसल्याची. नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर आमच्यापासून फार लांब नाही. घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत, कुलूप तर नाहीच. कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून फळी उभी करतात, पडदा लावतात. देवाचा धाक म्हणा, शेजाऱ्याची नजर म्हणा, गावाने ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालवली. २०११ मध्ये तिथे युको बँकेची शाखा निघाली, तीही नेहमीसारखं कुलूप न लावता. पण नीट बघितलं तर तिच्या काचेच्या दाराला विजेवर चालणारा, डोळ्याला न दिसणारा अटकाव होताच. ठेवीदारांच्या पैशाची जोखीम होती, बँक तरी काय करणार? आणि त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, बाहेरून आलेल्या एका भाविकाने तक्रार दिली होती की ३५ हजारांचा ऐवज चोरीला गेला. कुठून गेला? गाडीतून. ज्या गावात घराला कुलूप नाही तिथे चोरीची गाजलेली तक्रार गाडीची निघावी, हे आम्हाला फार बोलकं वाटतं. घरावर गावाचा डोळा असतो. गाडी आज इथे, उद्या तिथे. तिच्यावर डोळा ठेवायला तिचं कुलूपच असतं.

शिंगणापूरचं नाव घेतलं तर एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. घरांना दारं नसलेल्या त्या गावात शनीच्या चौथऱ्यावर चढायला बायांना मात्र बंदी होती. २०१६ मध्ये आंदोलन झालं, मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिलला निकाल दिला आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, तो चौथरा बायांना खुला झाला. लोखंडाचं कुलूप नव्हतं तरी बंदच होतं ते.

आता कुलपाच्या पोटात शिरू. इथून पुढचं जरा कान देऊन ऐका, कारण गाडीचं कुलूप का अडतं याचं उत्तर इथेच आहे.

फार जुन्या काळी इजिप्तमध्ये लाकडी कुलपं होती. दाराच्या दांड्यात वरून लाकडी खुंट्या पडायच्या आणि दांडा अडकायचा. किल्ली म्हणजे दात बसवलेली एक काठी. ती खालून घालून उचलली की खुंट्या वर जायच्या आणि दांडा सरकायचा. इतकं साधं. पण त्या खुंट्यांच्या भोवती एवढी मोकळी जागा असायची की धूळ, पाऊस, वाळवी, काही गेलं तरी कुलूप चालायचं. आणि चोरही चालवायचा.

चोराला चुकवायचं तर ही मोकळी जागा कमी करायला हवी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे कारागीर यामागे लागले. लंडनच्या जोसेफ ब्रामा याने आपलं कुलूप दुकानाच्या काचेत मांडून १७९० पासून पैज लावली होती, जो किल्लीशिवाय उघडेल त्याला २०० गिनी. साठ वर्षं कोणाला जमलं नाही. १८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कुलूपवाला आला. १६ दिवसांत मिळून ५१ तास बसून त्याने ते उघडलं. चब नावाचं दुसरं नावाजलेलं कुलूप तर त्याने अर्ध्या तासाच्या आत उघडलं होतं. कुलपाचे भाग एकमेकांवर किती घट्ट बसतात, कुठला कधी हलतो, हे बोटांना जाणवत गेलं आणि त्याने वाट काढली. इंग्लंडमध्ये तेव्हा म्हणे मोठी खळबळ उडाली. कुलूप करणाऱ्यांनी धडा घेतला तो असा, की भाग आणखी बारीक, आणखी चोख बसवा. १८६१ मध्ये अमेरिकेच्या लायनस येल याने इजिप्तच्या त्या जुन्या खुंट्याच घेतल्या, पण पितळेच्या, तांदळाएवढ्या, आणि मागे स्प्रिंग लावून एका गोल नळीत बसवल्या. आज आपल्या दाराच्या आतल्या लॉकची ती चपटी, करवतीच्या दातांची किल्ली म्हणजे त्या येलचीच लेक.

तर हे ध्यानात ठेवा. जितकं कुलूप चोख, तितकी आतली जागा कमी. जितकी जागा कमी, तितकं ते धुळीला, गंजाला, चिकट तेलाला हळवं. जे चोराला बाहेर ठेवतं, तेच कण-दोन कण धूळ गेली की मालकिणीलाही बाहेर ठेवतं.

आपल्याकडे ही विद्या आली मुंबईच्या लालबागला. अर्देशर गोदरेज शिकले वकिली. झांझिबारला एका खटल्यात खोट्याची बाजू घ्यावी लागेल असं दिसल्यावर त्यांनी वकिली सोडली. मग डॉक्टरांची शस्त्रं करायचा उद्योग काढला. त्यावर ‘भारतात बनवलेलं’ असा शिक्का मारायचा त्यांचा हट्ट गिऱ्हाइकाला मानवला नाही, तो उद्योगही बुडाला. मुंबईत घरफोड्या वाढल्याचं वर्तमानपत्रात वाचून त्यांनी १८९७ मध्ये लालबागला एका शेडमध्ये कुलपं करायला घेतली. त्यांचं पुढचं एक काम आपल्या विषयाच्या नेमकं कामाचं आहे. कुलपातली स्प्रिंग हा त्याचा सगळ्यात नाजूक अवयव. गंजते, ढिली पडते, तुटते, आणि मग चांगली किल्ली असूनही कुलूप मेलेलं. गोदरेजांनी स्प्रिंग नसलेलं कुलूपच बनवलं. आपल्या दमट, धुळीच्या मुलखात कुलूप कशाने मरतं हे त्यांना ठाऊक होतं म्हणायचं. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्याही त्यांच्या विक्रोळीच्या कारखान्यात झाल्या. वरून वेगळं कुलूप लावलं तर खर्च वाढतो, म्हणून पेटीच्या आतच बंद होण्याची युक्ती बसवली होती. आपल्या आज्यांनी पहिलं मत टाकलं ते अशा पेटीत.

आणि गाडीची चावी? मोटारी निघाल्या तेव्हा दाराला कुलूप नसायचं, कित्येकींना दारही नसायचं. हँडल मारून सुरू करायच्या. चावी फिरवली की इंजिन सुरू, ही सोय अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये आणली. चावी काढली की स्टिअरिंग अडकतं ते कुलूप साधारण १९७० पासून तिकडे सरसकट झालं. आपल्या भागातल्या बाईच्या हाती गाडीची चावी आली ती मात्र चारचाकीची नव्हे, लूनाची. १९७२ मध्ये कायनेटिकने लूना आणली आणि ती आपल्या नगरच्या, दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात तयार व्हायची. आमच्याकडच्या चौकाला अजून कायनेटिक चौकच म्हणतात. शिक्षिका, नर्सबाई, पोस्टातल्या बाई लूनावर जायच्या, हे आमच्या आया सांगतात. कमरेच्या जुडग्यात एक किल्ली अशी आली की जिने कोठी उघडत नव्हती, रस्ता उघडत होता.

आता आमच्याकडची गोष्ट. आमच्या गटांनी मिळून पापड-मसाल्याच्या मालासाठी एक जुना छोटा हत्ती घेतला. एका दिवाळीच्या आधी माल भरून पहाटे प्रदर्शनाला निघायचं होतं. माल मागे, पावतीपुस्तकं आणि स्टॉलचं पत्र पुढे केबिनमध्ये. ड्रायव्हरबाजूच्या दारात चावी गेली, पण फिरेना. एका भाऊंनी लगेच पक्कड आणली. आमच्यातल्या एका मावशींनी त्यांचा हात धरला. मावशींचं सगळं आयुष्य शिलाई मशीनवर गेलेलं, जोर केला की सुई तुटते हे त्यांच्या हाडात भिनलेलं. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, ते आत कुठंतरी धरून बसलंय. ओढू नका, सोडवा.’’ मग मुलाच्या दप्तरातली पेन्सिल, फुंकणी, दुसरी चावी असं करत वीसेक मिनिटांत दार उघडलं. पक्कड लागली असती तर चावी आत मोडली असती आणि दिवाळीचा तो पहिला दिवस गेला असता. त्या मालावर चौदा घरांची दिवाळी होती.

त्या दाराच्या आत काय होतं ते सांगतो. गाडीच्या कुलपात येलच्या खुंट्यांऐवजी बहुधा पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, एकीमागे एक, प्रत्येकीला केसासारखी स्प्रिंग. चावी गेली की तिच्या खाचांप्रमाणे पट्ट्या आत ओढल्या जातात, सगळ्या एका पातळीत आल्या की नळी फिरते. एक पट्टी जरी बाहेर राहिली तरी नळी फिरत नाही. नळीच्या मागे एक सळई असते, ती दारातल्या खटक्याला ओढते. म्हणजे अडायच्या जागा दोन, पुढची नळी आणि मागचा खटका.

म्हणून आधी कुठे अडलंय ते ओळखायचं. चावी आतच जात नसेल तर भोकात माती, गंज किंवा कोणा पोराने घातलेली काडी आहे. चावी पूर्ण जाते पण फिरत नाही, तर एखादी पट्टी चिकटलीय किंवा चावी झिजलीय. चावी फिरते पण दार उघडत नाही, तर नळी बरी आहे, मागची सळई निसटलीय किंवा खटका गंजलाय. हे तिसरं दुखणं घरी बरं होत नाही, दाराचं आतलं कव्हर काढावं लागतं, ते मेकॅनिकचं काम.

पहिल्या दोन्हींत करायचं ते असं. पहिल्यांदा दुसरं दार, मागचं दार उघडतं का बघा. घाईत हे कोणी करतच नाही. मग घरातली जपून ठेवलेली दुसरी चावी आणा. रोजची चावी झिजून तिचे दात बोथट झालेले असतात, न वापरलेलीचे धारदार असतात, कित्येकदा तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर भोक फुंकणीने किंवा पंक्चरवाल्याच्या हवेने साफ करा. डोळे सांभाळा. नंतर कुलपाचा स्प्रे, त्याची बारीक नळी भोकात धरून थोडाच मारा आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. ही वाट बघणं सगळ्यात अवघड. मग चावी आत-बाहेर, आत-बाहेर, वीस वेळा, दर वेळी फडक्याला पुसून. फडकं काळं होत जाईल, म्हणजे घाण निघतेय. मग दोन बोटांनी हलकेच दोन्हीकडे फिरवून बघा. दोन बोटांनी म्हटलं, मुठीने नाही.

बाजारात डब्ल्यूडी-४० नावाचा स्प्रे मिळतो. तो १९५३ मध्ये अमेरिकेत क्षेपणास्त्राला गंज चढू नये, पाणी हटावं म्हणून तयार केला, आणि चाळिसाव्या प्रयत्नाला जमला म्हणून नावात ४०. अडलेलं सोडवायला तो चांगला. पण काम झालं की जास्तीचं पुसून घ्या, आणि वारंवार तोच मारत राहू नका. ओलसरपणा राहिला की त्यावर धूळ बसते. कायमच्या निगेला ग्रॅफाइटची भुकटी बरी. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीच्या शिशाचा मुख्य माल. ती कोरडी असून निसरडी असते, त्यामुळे धूळ धरत नाही. भुकटी नसेल तर मऊ, काळीभोर पेन्सिल चावीच्या दोन्ही बाजूंना घासा आणि चावी पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. मात्र जिथे स्प्रे मारलाय तिथे तो वाळल्याशिवाय भुकटी घालू नका, काळा लगदा होतो. आणि ज्या कुलपात चावी फिरवून गाडी सुरू होते, त्यात ग्रॅफाइट ओतू नका. ग्रॅफाइटमधून वीज जाते आणि मागे वायरी असतात.

खोबरेल, गोडेतेल, तूप, ग्रीस, यातलं काहीही नको. आपल्या चुलीमागच्या फळीवर तेलाचा हात लागून धूळ कशी चिकट राप धरते ते आठवा. तेच कुलपात होतं. पहिल्या दिवशी चावी लोण्यासारखी फिरते, म्हणून बायका शपथेवर सांगतात की खोबरेलाने झालं. चार महिन्यांनी हेच कुलूप पुन्हा आणतात.

स्टिअरिंगजवळचं कुलूप अडलं तर बहुतेक वेळा ते बिघडलेलंच नसतं. चाक वाकडं ठेवून गाडी लावलेली असते, आतला दांडा दाबाखाली असतो. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने चावी फिरवा, सुटतं. इतकी साधी बाब, पण आम्ही टोचन लावून गाडी गॅरेजला नेलेली माणसं पाहिली आहेत.

चावी आत मोडली तर फेविक्विक लावलेली काडी घालून ओढायचा उद्योग नको. डिंक नळीत पसरला की नवीन कुलूपच. दोन्ही तुकडे जपून ठेवा, चावीवाला त्यावरून नवी घडवतो. चावीवाला ओळखीचा, दुकान असलेला बघा, आणि गाडीचं आरसी पुस्तक दाखवायला लाज वाटू देऊ नका. जो विचारतो तोच चांगला चावीवाला. नव्या गाड्यांच्या चावीत चिप असते, तिची नक्कल गल्लीत होत नाही, झाली तरी दार उघडेल पण गाडी सुरू होणार नाही. नक्कल कमी झिजलेल्या चावीवरूनच करायची. नकलेची नक्कल म्हणजे झिजेवर झीज.

आणि एक गोष्ट गंभीर आहे. गाडीत मूल किंवा म्हातारं माणूस अडकलं आणि दार उघडेना, तर वर सांगितलेलं सगळं विसरा. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते. ११२ ला फोन करायला एकीला सांगा आणि मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच कोपऱ्यात दगडाने फोडा. काच परत मिळते.

रिमोटच्या गाड्यांचं वेगळंच. बटण दाबून दार उघडायची सवय लागली की चावीचं भोक वर्षानुवर्षं वापरात येत नाही. मग एक दिवस बॅटरी उतरते, बटण चालत नाही, आणि भोक मातीने भरलेलं. पुष्कळ गाड्यांना भोक एकच, ड्रायव्हरच्या दाराला, काहींना टोपणाखाली लपलेलं. रिमोटच्या पोटातही एक छोटी चावी असते, ती कशी काढायची ते आजच कोणाकडून तरी शिकून घ्या. महिन्यातून एकदा बटण न दाबता चावीने दार उघडा. वापरलेलं कुलूप अडत नाही, पडून राहिलेलं अडतं. नगरकडच्या धुळीत तर नक्कीच.

घरच्या लोंबत्या कुलपांना हेच. भोक खाली तोंड करून राहील असं लावा, पाणी आत थांबत नाही. वरच्या कडीच्या दोन्ही पायांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, भोकात भुकटी.

शेवटी आपल्या पेटीविषयी. १९९१ मध्ये आफ्रिकेतल्या नायजर देशात, माराडी भागात, केअर संस्थेसोबत बायांचे बचत गट सुरू झाले. बँक नव्हती, म्हणून लोखंडी पेटी आणि पेटीला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन बायांकडे, पेटी चौथीकडे. सगळ्या जमल्याशिवाय उघडायचीच नाही. पुढे ही पेटी कितीतरी देशांत गेली. आपल्याकडे नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, त्यामुळे आपला बराच पैसा खात्यात असतो. पण बैठकीची रोकड, पासबुकं, ठरावाची वही यांना पेटी लागतेच, आणि पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे हा नेम पुष्कळ गट पाळतात. आमच्या गटात तीन कुलपांची पेटी आहे. कर्ज द्यायच्या दिवशी तीनपैकी एक अडलं तर दवाखान्यासाठी पैसे मागायला आलेली बाई ताटकळत बसते, आणि एकदा कुलूप तोडलं की पुढच्या वेळी तोडायला संकोच राहत नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या बैठकीत हिशोबाच्या आधी तिन्ही किल्ल्या पुसून, पेन्सिल फिरवून घेतो. गाडीची दुसरी चावी पेटीत ठेवलेली नाही, ती सचिवताईंच्या घरी असते, आणि तिचा नंबर ठरावाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय.